चवदार तळ्यातले ‘दार’ कोणते?

प्रश्न : महाडच्या चवदार तळ्याचे नाव बोलताना ‘चौदार’ असे ऐकू येते. तळ्याला चार दारे होती, म्हणून हे नाव पडले का? (एक वाचक, पोलादपूर)

उत्तर : नाही. मराठीत दिसायला सारखे असे दोन ‘दार’ आहेत, पण त्यांची घराणी वेगळी. घराचे दार संस्कृत ‘द्वार’पासून आले. हे घराणे पार युरोपपर्यंत पसरले आहे. इंग्रजी ‘डोअर’ आणि नॉर्वेतल्या लोकांचा ‘डर’ हे त्याचेच भाऊबंद.

चवदारमधले ‘दार’ फारसी आहे. त्याचा अर्थ धारण करणारा, बाळगणारा. संस्कृत ‘धृ’ धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. ‘जलधर’मधला ‘धर’ आणि ‘जमीनदार’मधला ‘दार’ एकाच मुळाचे. सुभेदार, हवालदार, फौजदार अशा हुद्द्यांतून तो मराठीत रुळला आणि मग मराठीने तो घरच्या शब्दांनाही जोडला : टोकदार, धारदार, पाणीदार, चवदार. चव असलेले ते चवदार. नसेल तर ‘बेचव’. तिथे पुढे लागलेला ‘बे’ही फारसीच.

राहिला ‘चौदार’ हा उच्चार. मराठीत ‘अव’ आणि ‘औ’ एकमेकांच्या जागी सहज येतात. आपण चवथा-चौथा, चवदा-चौदा असे दोन्ही म्हणतो. तसाच हा प्रकार आहे.

तुमच्या गावाचे नावही असेच दोन भाषांचे आहे, फक्त क्रम उलटा. ‘पोलाद’ फारसी, ‘पूर’ संस्कृत.

या तळ्याच्या नावाचा अर्थ कोशात पाहून भागत नाही. चव चाखल्यावाचून कळत नाही, आणि हे पाणी चाखण्याची अस्पृश्य मानलेल्यांना बंदी होती. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. वाद न्यायालयात गेला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.