इंग्रजी शास्त्रातील फसवे शब्द

आमचे कित्येक उपदेशक बंधु उपदेशाची तयारी करिताना मराठी शास्त्राबरोबर इंग्रजी शास्त्रही उघडून बसतात. हे चांगलेच आहे. परंतु हाती असते ते बहुधा १६११ साली राजा जेम्स याच्या कारकीर्दीत छापलेले भाषांतर, आणि शेजारी असतो आजच्या इंग्रजीचा कोश. या दोहोंमध्ये चारशेंहून अधिक वर्षांचे अंतर आहे. इतक्या काळात पुष्कळ शब्दांचे रूप तेच राहिले, पण अर्थ पालटला. यात नवल नाही. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, पण हिंदी बोलणाऱ्यास तोच शब्द विद्येचा वाटतो.

'लेट' हा शब्द पाहा. त्याचा आजचा अर्थ 'करू देणे'. रोमकरांस पत्र १:१३ येथे पौल लिहितो की, तुम्हांकडे येण्याचा बेत मी पुष्कळदा केला, पण आजवर मला अडथळा झाला. या अडथळ्याच्या जागी इंग्रजीत 'लेट' आहे! कोशावर विसंबणारा नेमका उलट अर्थ सांगेल. प्राचीन इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते. उच्चार झिजून ते एकरूप झाले, आणि अडविण्याचा अर्थ मागे पडला. तो अगदीच मेला मात्र नाही. भारतीय पासपोर्टातील विनंतीत तो अद्याप छापतात.

'प्रिव्हेंट' याने तर अधिक हानि होते, कारण हे वचन आपण प्रेतक्रियेच्या वेळी वाचतो. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४:१५ येथे पौल शोक करणाऱ्यांचे समाधान करितो: प्रभूच्या येण्यापर्यंत जे जिवंत उरतील ते निजलेल्यांच्या आधी जाणार नाहीत. 'प्रिव्हेंट' याचा मूळ लॅटिन अर्थ 'आधी येणे' हाच. पुढे, आधी येणारा वाट अडवितो यावरून 'रोखणे' हा अर्थ रूढ झाला. तो येथे घातला तर जिवंत लोक मेलेल्यांस रोखणार नाहीत असे काहीतरी होते, आणि विधवेस सांगावयाचे सांत्वन हातचे जाते. मार्क १०:१४ येथील 'सफर' म्हणजेही दुःख भोगणे नव्हे. बालकांना येऊ द्या, एवढेच.

असे शब्द भेटले म्हणजे कोणी म्हणतात, "इंग्रजीत निराळे आहे, तेव्हा मराठी चुकले." आम्हांस हे मान्य नाही. नवा करार मुळात ग्रीक. मराठी व इंग्रजी ही दोन्ही भाषांतरेच.

उलट एके ठिकाणी मराठी वाचकास सोय अधिक आहे. आजच्या इंग्रजीत 'तू' व 'तुम्ही' या दोहोंस 'यू' हा एकच शब्द. १६११ च्या भाषांतरात मात्र एकासाठी 'दाऊ' व 'दी', अनेकांसाठी 'यी' व 'यू'. लूक २२:३१-३२ पाहा. प्रभु शिमोनाशी बोलत आहे. सैतानाने मागितले ते सर्व शिष्यांस, म्हणून तेथे 'यू', पण प्रार्थना केली ती एकट्या शिमोनासाठी, म्हणून 'दी'. नव्या इंग्रजी प्रतीत हा भेद सहज दिसत नाही. मात्र आपल्याकडे वडिलांस 'तुम्ही' म्हणतात तसा मान या 'यू'मध्ये समजू नये; तेथे राजालाही 'दाऊ' म्हटले आहे.

आणखी एक खूण. या भाषांतराच्या कित्येक प्रतींत मधूनमधून तिरपी अक्षरे असतात. ती जोर देऊन वाचण्यासाठी नव्हेत. मुळात नसलेले, पण इंग्रजी वाक्य उभे राहण्यासाठी घातलेले ते शब्द. "हा माझा भाऊ" एवढ्याने मराठीत काम भागते, तसेच इब्रीतही. इंग्रजीस मात्र 'इज' लागतो. २३ व्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनातील 'इज' असा तिरपा छापलेला आढळेल.