थंडीत कोंबड्यांची काळजी

माझी आत्या मुंबईला प्रभादेवीला राहते. तिथे समुद्र जवळ, म्हणून थंडी कमी. आमच्या निफाड तालुक्यात मात्र कडाक्याची थंडी पडते.

आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. थंडीत खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधावे. वरची फट बुजवू नये. आई म्हणते, सगळं बंद केलं की आत वाफ धरते, भुसा ओला होतो नि कोंबड्या आजारी पडतात. ओला भुसा मी रोज काढतो.

कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. आमची अकरा पिल्ले विकत आणलेली, त्यांना आई नाही. म्हणून बल्ब लावतो. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, लांब पळाली तर उकडते. मागच्या हिवाळ्यात रात्री लाईट गेली आणि चार पिल्ले गारठून मेली. आता लाईट गेली की डालगं चुलीजवळ आणतो. चिवचिवाटाने आजोबांना झोप येत नाही.