बारा अक्षरांचे कोष्टक

कोणत्या महिन्याचे दिवस किती, हे आपण मुठीच्या उंचवट्यांवर मोजतो. संगणकाला मूठ नाही! त्याला कोष्टकच द्यावे लागते. निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली झुरिकला मांडलेल्या पास्कल भाषेत ते किती लहान होते, पाहू. कमीत कमी चिन्हांत प्रोग्रॅम लिहिण्याच्या खेळाला 'कोड गोल्फ' म्हणतात. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, तसेच हे.

३१, २८, ३१ असे बारा आकडे स्वल्पविरामांसह कंसात लिहिले, तर ३७ चिन्हे लागतात. आता प्रत्येकातून २८ वजा करा आणि उरलेले अंक अवतरणचिन्हांत सलग लिहा: '३०३२३२३३२३२३'. झाली १४ चिन्हे! अशा स्ट्रिंगचे पहिले अक्षर १ क्रमांकाचे असते, म्हणून जानेवारी आपोआप जागेवर. फ्री पास्कलमध्ये तिला नावही द्यावे लागत नाही. मागे चौकोनी कंसात महिन्याचा क्रमांक लिहिला की ते अक्षर मिळते. मूळ पास्कलमध्ये ही सोय नव्हती.

मात्र हाती आले ते अक्षर, संख्या नव्हे. 'ऑर्ड' लावले की त्याचा सांकेतिक क्रमांक कळतो: शून्याचा ४८, तीनचा ५१. म्हणजे ४८ वजा करून २८ मिळवायचे. दोन कामे कशाला? एकदम २० च वजा करा: ५१ − २० = ३१. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत, प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अंकच हवेत, कारण देवनागरी अंकांचे क्रमांक वेगळे आहेत.)

याहून गमतीदार स्ट्रिंग ही: '०३३६१४६२५०३५'. प्रत्येक महिन्यापूर्वी सरलेल्या दिवसांना ७ ने भागून उरलेल्या या बाक्या. १५ ऑगस्ट १९४७ चा वार काढू. त्या वर्षीची १ जानेवारी बुधवारी होती. रविवार ० धरला तर बुधवार ३. आठवे अक्षर २, त्याचा क्रमांक ५०. ३ + ५० + १५ = ६८; ७ ने भागता बाकी ५, म्हणजे शुक्रवार. ४८ वजा केलेच नाहीत, तरी उत्तर बरोबर! वास्तविक तारखेतूनही १ वजा करायला हवा होता, कारण एक तारखेला महिन्याचा एकही दिवस सरलेला नसतो. पण ४८ म्हणजे ४९ उणे १, आणि ४९ ला ७ ने नि:शेष भाग जातो. ती वजाबाकी न लिहिताच झाली.

लीप वर्षात मार्चपासून पुढे १ मिळवावा लागतो. आता २६ जानेवारी १९५० चा वार तुम्ही काढा. त्या वर्षीची १ जानेवारी रविवारी होती.