रुग्णसेवेत अग्र : उपासिका सुप्पिया



तथागतांनी आपापल्या गुणांत अग्र ठरलेल्या उपासिकांची नावे सांगितली, ती अंगुत्तर निकायात आली आहेत. दानात अग्र विशाखा, हे आपण नेहमी ऐकतो. त्याच यादीत रुग्णांची सेवा करणाऱ्यांत अग्र म्हणून वाराणसीच्या सुप्पियेचे नाव आहे. या श्रद्धावान माउलीची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो.

तिची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पती सुप्पिय आणि पत्नी सुप्पिया, दोघेही संघाचे निष्ठावान सेवक. सुप्पिया विहारात जाई आणि एकेका खोलीपाशी थांबून विचारी, ‘भन्ते, कोण आजारी आहे? कोणाला काय आणून देऊ?’ एकदा जुलाबाचे औषध घेतलेल्या एका भिक्खूने मांसाचा रस्सा हवा म्हणून सांगितले. तिने घरी येऊन नोकराला बाजारात पाठविले. त्या दिवशी प्राणिवधाला बंदी होती, त्यामुळे सारी वाराणसी फिरूनही मांस मिळाले नाही. दिलेला शब्द मोडू नये आणि आजाऱ्याचे हाल होऊ नयेत, म्हणून तिने सुरी घेऊन स्वतःच्या मांडीचे मांस कापले, ते शिजवून भिक्खूला पोहोचविण्यास दासीला सांगितले आणि जखम वस्त्राने झाकून ती आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी भगवान भोजनासाठी घरी आले. सुप्पिया कुठे आहे, अशी त्यांनी आपण होऊन चौकशी केली. तिला उचलून आणावे लागले. भगवंतांच्या दर्शनाने जखम भरून आली, असे ग्रंथ सांगतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा पुढे काय घडले ते पाहावे, कारण खरा बोध तेथे आहे.

भगवंतांनी संघ बोलाविला आणि त्या भिक्खूला विचारले, ‘हे मांस कशाचे, याची तू चौकशी केलीस का?’ त्याने केली नव्हती. भगवंतांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली व नियम घातले : मनुष्यमांस खाऊ नये आणि चौकशी केल्यावाचून कोणतेही मांस खाऊ नये. श्रद्धावान माणसे स्वतःचे मांसही देऊन टाकतात, म्हणून घेणाऱ्याने जपले पाहिजे. दोष देणारीला नाही, न विचारता घेणाऱ्याला लागला.

आपल्या घरांत काय चालते? सासरे अंथरुणाला खिळले की सून रात्री जागते. मूल आजारी पडले की आई उपाशी राहते. रुग्णालयातील परिचारिका एकामागून एक पाळ्या करते आणि घरी येऊन पुन्हा चूल पेटविते. आपण त्यांना ‘त्यागमूर्ती’ म्हणतो, हार घालतो आणि मोकळे होतो. त्या त्यागाची किंमत कोणाच्या शरीराने चुकविली, हे विचारीत नाही.

महावग्गातच चांगल्या परिचारकाचे पाच गुण दिले आहेत : औषध तयार करता येणे; पथ्य-कुपथ्य कळणे; लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे; मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे; आणि धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याला धीर देणे. रोग्याचीही कर्तव्ये आहेत : पथ्य पाळावे, त्यातही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे, वेदना सोसाव्या. म्हणजे सेवा हे एकट्या बाईचे ओझे नाही. दोन्ही बाजूंनी पाळायची शिस्त आहे. विशाखेने मागितलेल्या आठ वरांत तर रुग्णाच्या भोजनाबरोबरच त्याची सेवा करणाऱ्याच्या भोजनाचीही सोय होती, आणि भगवंतांनी ती मान्य केली.

सुप्पियेचे अनुकरण करायचे ते सुरीचे नव्हे, तिच्या चौकशीचे. विहारातून परतताना वस्तीतील आजाऱ्याच्या दारी थांबावे. त्याला काय हवे ते विचारावे. आणि उशाशी बसलेल्या बाईलाही विचारावे, ‘बाई, तुम्ही जेवलात का? आजची रात्र आम्ही बसतो.’