मंदिर कोणाच्या पैशानें बांधावें?

विद्यार्थिमित्रहो, उपासनामंदिर बांधावयास पैसा लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तो पैसा कोणाचा असावा, हा प्रश्न मात्र थोडेच विचारितात. दोर्नकल येथील मंदिराच्या इतिहासांत ह्याचें उत्तर सांपडतें. तो आम्ही येथें थोडक्यांत देतों.

दोर्नकल हें काझीपेठ-विजयवाडा लोहमार्गावरील जंक्शन. आज तें तेलंगण राज्यांत आहे. पूर्वी, आपल्या मराठवाड्याप्रमाणें, निजामाच्या राज्यांत होतें. १९०९ सालीं व्ही. एस. अझरिया हे तामिळ गृहस्थ तिरुनेलवेली सोडून येथें सुवार्तेच्या कामास आले. त्यांस पाठविणारी संस्था तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनीं १९०३ सालीं काढिली होती. १९१२ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास अझरियांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळींत हा मान मिळालेले ते पहिलेच भारतीय होत.

त्यांच्या मंडळींतील बहुतेक लोक माला व मादिगा जातींचे, दुसऱ्यांच्या शेतांत राबणारे मजूर होते. अशांपाशीं दान मागावें तरी कसें? अझरियांची शिकवण अशी कीं, दान हा उपासनेचाच भाग आहे. त्यांतून गरिबास वगळूं नये. म्हणून बायका भात शिजवितांना घरच्या तांदुळांतून एक मूठ वेगळी काढून ठेवीत आणि सांठलेलें धान्य मंडळीच्या कामीं देत. सुगीच्या उत्सवांत ज्याला जें पिके, तें तो आणी.

मंदिराचें काम १९१४ सालीं सुरूं झालें. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. पैशाची तूट पडली व काम रेंगाळलें. शेवटीं ६ जानेवारी १९३९ रोजीं, प्रभुप्रकटनाच्या सणास, त्याचें समर्पण झालें. मशिदीसारखे घुमट व मनोरे, दक्षिणेकडील देवळांसारखे दगडी खांब. पाहणारास तें परक्या देशाचें वाटत नाहीं.

वर्गांत एकानें आम्हांस विचारिलें, "गुरुजी, परदेशांतून एकदम पैसा आणिला असता, तर पांच वर्षांत झालें नसतें का?" झालें असतें. दोर्नकलच्या मंडळीस परदेशची मदत मिळत नव्हती, असेंही नाहीं. परंतु आयत्या पैशानें भिंती उभ्या राहतात, मंडळी उभी राहतेच असें नाहीं. छप्पर गळूं लागलें म्हणजे आयतें मंदिर मिळालेले लोक अर्ज लिहितात; स्वतः बांधलेले लोक शिडी लावितात.

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. आमच्या गांवीं नव्या मंदिराची वर्गणी निघाली, तेव्हां समारंभांत मोठ्या देणगीदारांचीं नांवें तेवढीं वाचिलीं गेलीं. आण्या-रुपयांच्या रकमा 'इतर' ह्या सदरांत गेल्या. पुढील वर्षीं ते 'इतर' आलेच नाहींत, आणि भिंती कंबरेइतक्याच राहिल्या. ती यादी आम्हींच वाचिली होती. प्रभूनें विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या. आमच्या कागदावर त्यांस जागा नव्हती.

तेव्हां पालकहो, मंडळीच्या कामांत मुलांनाही त्यांच्या हातानें कांहीं देऊं द्या. आणि विद्यार्थ्यांनो, पुढें तुमच्या हातीं वर्गणीची वही येईल, तेव्हां प्रत्येकाचें नांव लिहा, आणि तें सर्वांदेखत वाचा.