वीस सेकंदांसाठी सहा वर्षे

3000 मीटर धावायचे आणि वाटेत 28 साधे व 7 पाण्याचे अडथळे ओलांडायचे, या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते. पाय लागला तर अडथळा पडत नाही. पडतो तो धावणारा!

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे याच शर्यतीचे धावपटू. लहानपणी त्यांची शाळा सहा किलोमीटर दूर होती, आणि वाहन नसल्याने ते अंतर चालत किंवा पळत कापावे लागे. पुढे ते सैन्यात गेले. 2018 साली दुखापतीमुळे त्यांचे आशियाई खेळ हुकले. पण त्याच वर्षी भुवनेश्वर येथे 8 मिनिटे 29.80 सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा 1981 सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै 2024 मध्ये पॅरिसला त्यांनी 8 मिनिटे 9.91 सेकंद अशी वेळ दिली.

सहा वर्षांत कमी झाले ते जेमतेम वीस सेकंद. हे थोडे वाटते ना? मग गणित करून पाहू. 2018 चा सरासरी वेग सेकंदाला 5.88 मीटर येतो, तर 2024 चा 6.12 मीटर. हे दोन साबळे एकाच वेळी धावले असते, तर दुसरा शर्यत संपवी तेव्हा पहिला सुमारे 117 मीटर मागे असता. दोंडाईचा स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचे पाच डबे मोजा, साधारण तेवढे! वेगातील वाढ मात्र फक्त 4 टक्के. हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तेवढ्यासाठीच ती सुमारे 13 टक्के जास्त लागते. एकूण शक्तीचा हा लहानसा भाग आहे, हे खरे. पण पायांचे काम वाढते ते वेगळेच.

आता आलेखाच्या कागदावर हे राष्ट्रीय विक्रम मांडा. रेषा खाली खालीच जाईल. विक्रमांच्या आलेखाचा हा दोषच म्हणावा लागेल, कारण पीछेहाट त्यात दिसतच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये (2021) साबळे यांनी 8:18.12 असा नवा विक्रम केला, आणि तरीही ते अंतिम फेरीत पोहोचले नाहीत. 2023 च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेतही प्राथमिक फेरीतच बाद झाले. त्याच वर्षी हांगचौला आशियाई सुवर्णपदक मिळाले. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक हुकले ते 0.05 सेकंदाने. त्यांच्या सरासरी वेगाने हे अंतर सुमारे 30 सेंटिमीटर भरते. तुमच्या दप्तरातील फूटपट्टीएवढे!

सर्वांत कठीण असतो पाण्याचा अडथळा. त्यावर पाय ठेवून धावपटू पुढे झेप घेतो. 91.4 सेंटिमीटर उंचीवरून खाली येणाऱ्या वस्तूचा उभा वेग सेकंदाला सुमारे 4.2 मीटर होतो. तो दशांश सेकंदात नाहीसा झाला, तर पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार येतो, आणि तोही बहुधा एकाच पायावर, ओल्या जागी, दमलेल्या स्नायूंवर. असे एका शर्यतीत सात वेळा. जुलै 2025 मध्ये मोनाको येथे साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशीच पडले. गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा झाली, आणि त्यांचा तो हंगाम तेथेच संपला.