जुन्या औताची ओळख

आपल्या बेळगाव-चिकोडी-निपाणी भागात जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात काही वस्तू अशा सापडतात की, त्या कशाच्या हे घरातील तरुण मंडळींना सांगता येत नाही. अशी वस्तू हाती आल्यास तर्क कसा चालवावा, हे एका उदाहरणाने पाहू.

वस्तू अशी : एकाच लाकडात कोरलेली खोलगट वाटी. तोंड रुंद, बूड निमुळते आणि बुडाशी बोट जाईल एवढी तीन भोके.

प्रथम, ती काय असू शकत नाही ते ठरवावे. हे धान्याचे माप नव्हे; बुडाला भोके असलेल्या मापाचा उपयोग काय? चाळणही नव्हे; चाळणीला भोके पुष्कळ आणि बारीक लागतात.

दुसरे, भोकांची दिशा पाहावी. ती सरळ खाली न जाता बाहेरच्या अंगाला तिरपी गेली आहेत. म्हणजे आत टाकलेले काहीतरी तीन वाटांनी फाकवायचे असून प्रत्येक भोकात एकेक नळी बसत असली पाहिजे.

तिसरे, झीज पाहावी. दोरीने झीज झाली असती तर एका जागी खाच पडली असती. येथे आतला काठ गुळगुळीत झाला आहे. ही माणसाच्या हाताची झीज होय.

तेव्हा हे पेरणीच्या औताचे चाडे. तीन भोके म्हणजे तीन फण, अर्थात तिफण. चार असती तर चौफणी. पेरणारी व्यक्ती चाड्यावर मूठ धरून बी सोडते व ते वेळूच्या नळ्यांतून फणांमागे तासात पडते. मूठ सारखी सुटली नाही तर एक ओळ दाट व दुसरी विरळ उगवते, आणि आठवड्याभरात ते साऱ्या गावाला दिसते!

चाड्याजवळच फणांसाठी चौकोनी भोके पाडलेले जाड लाकूड, म्हणजे दिंड, मिळाले तर भोकांमधील अंतर मोजावे. ज्वारीच्या ओळींत सुमारे ४५ सेंटिमीटर, तर गव्हाच्या ओळींत त्याच्या निम्मे अंतर ठेवतात. त्यावरून त्या घरी कोणते पीक घेत असावेत, याचा अंदाज बांधता येतो.

नाव हाही पुरावाच. या औताला मराठीत पाभर म्हणतात, आपल्याकडे कुरी, आणि कन्नडमध्ये कूरिगे. शब्द तपासण्यास मोल्सवर्थचा मराठी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) व किट्टेलचा कन्नड कोश (१८९४) दोन्ही जवळ ठेवावेत. आपल्या सीमाभागात एका कोशाने भागत नाही.

लोखंडी अवजाराची वाट निराळी. त्यावर ओतीव अक्षरे आहेत काय, हे गंज हळूच पुसून पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातच १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे तो नांगर शेतकरी सहजी घेईनात. १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीस गेला. त्यामुळे अशा अवजारावरील गावाचे नाव त्याच्या काळाचीही साक्ष देऊ शकते.

ही साधी औते क्षुल्लक समजू नयेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याला दक्षिण भारतात अशी पाभर दिसली. ओळीत पेरणारे यंत्र युरोपचा अलीकडचा शोध, असा त्याचा तोवर समज होता; त्याने या पाभरीचे वर्णन विलायतेस कळविले.

आता ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र चालते आणि जुने चाडे चुलीत जाते. लाकूड जळाले तरी दुसरे घडविता येईल. पण ज्यांच्या मुठीला पेरणीचे माप ठाऊक होते, ती पिढी गेल्यावर विचारणार कोणाला? म्हणून विद्यार्थी मित्रांनी येत्या सुट्टीत आपल्या घरच्या एका तरी औताची नोंद करावी : मापे, भागांची दोन्ही भाषांतील नावे, कोणते पीक, कोणाचा हात. आजी-आजोबांना विचारावे, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.